रकान्यातलं राज्य

इथं आयर्लंडमध्ये, लेटरकेनीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं की त्याला नुसतं ऊन म्हणत नाहीत, 'लीव्हिंग सर्टचं हवामान' म्हणतात. लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी. तिची पोरं परीक्षेला आत कोंडली की बाहेर आभाळ निवळतं, असा इथल्या लोकांचा पक्का समज आहे. आज तसंच झालंय. मी शाळेच्या आवारात गाडीच्या काचा खाली करून बसलेय आणि आत माझी लेक मुक्ता इतिहासाचा पेपर लिहितेय. या वर्षी शाळेच्या अंदाजावरही मार्क घेता येत होते. बाईसाहेब म्हणाल्या, नाही, मी बसणार. हा हट्ट कुणाकडून आला ते मला विचारू नका.

काल तिच्या नावानं निपाणीहून पाकीट आलं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आत परीक्षेच्या शुभेच्छा, मोत्यासारख्या अक्षरात. त्र्याऐंशी वर्षांच्या मास्तरांचा हात अजून थरथरत नाही. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता होता: नाव, गल्ली, निपाणी, पिनकोड, आणि पुढं थेट भारत. मधलं राज्य गायब. आप्पांच्या हातचा असा पत्ता मी जन्मात पाहिला नव्हता. त्या पाकिटामुळेच आज मला गेल्या वर्षीचा जून सोडत नाहीये.

निपाणी कर्नाटकात आहे. राज्यं नव्यानं आखली तेव्हा ती तिकडं गेली, आणि आमच्यासारख्या मराठी घरांनी ते कधी कबूल केलं नाही. आप्पांनी तर नाहीच नाही. विशीत असताना त्यांनी सीमेच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला. पुढे मराठी शाळेत मास्तरकी केली, आणि साठ वर्षं प्रत्येक पत्रावर, प्रत्येक लग्नपत्रिकेवर 'जि. बेळगाव, महाराष्ट्र' असं लिहिलं. पत्रं पोचायची. पोस्टमन पिनकोड बघतो, त्याला काय त्याचं. पण आम्हां पोरांना वाटायचं, आप्पांनी लिहिलंय म्हणूनच पोचतात.

त्यांचं भांडण देशाशी नव्हतं, हे ते आवर्जून सांगायचे. पंधरा ऑगस्टला पहाटे उठून टोपीला इस्त्री करायचे. राष्ट्रगीताला त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्याच संध्याकाळी कानडीत आलेलं विजेचं बिल ते आईच्या पुढ्यात टाकायचे. मला वाचता येत नाही म्हणायचे. येत होतं. आईचं माहेर गोकाककडचं, शाळा कानडी; बिलं तीच वाचायची. बहिणींशी कानडीत बोलायचं झालं की ती परसात जायची, आणि आप्पा इकडे रेडिओ मोठा करायचे. पन्नासहून जास्त वर्षं त्या दोघांनी घरातल्या घरात अशी सीमा पाळली. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं वाटायचं.

२०२०च्या जानेवारीत आप्पा इकडे आले, एकटेच. आईचे गुडघे विमानात दुमडायला तयार नव्हते. "तुम्ही जावा की, मी ऱ्हातो," असं ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'मी राहते' म्हणत नाहीत, 'राहतो'च म्हणतात. तीन महिन्यांचा बेत होता. मार्चमध्ये इथं शाळा बंद झाल्या, तिकडं विमानं बंद झाली, आणि डोनेगलच्या टेकड्यांवर पिवळी काटेरी झुडपं फुलून आली तेव्हा आप्पा आमच्या खिडकीत बसून निपाणीच्या बाजाराचा दिवस आठवत होते. माझा नवरा शेखर इथल्या हॉस्पिटलात भूल देतो. त्या महिन्यांत तो घरात असून नसल्यासारखा होता. लहान खोलीत झोपायचा, दाराबाहेर ताट ठेवलं की खोकून सांगायचा, मिळालं म्हणून.

आप्पांच्या आणि मुक्ताच्या जेवणाच्या टेबलावर मात्र त्या दिवसांत अमेरिका आली होती. इतिहासाच्या परीक्षेचा एक भाग म्हणून एका विषयावर स्वतः शोधून लिहायचं असतं. मुक्तानं निवडलं होतं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकन प्रजासत्ताक. मी म्हटलं, अगं, इथं सीमेपलीकडे डेरी शहर आहे, आयर्लंडची फाळणी घे, चार पुस्तकं घरपोच मिळतील. तर म्हणे, ती सगळेच घेतात.

ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इथल्या हेलातल्या इंग्रजीत देते. आप्पा इंग्रजी समजतात आणि उत्तर निपाणीच्या मराठीत देतात. दोघांचं छान जमायचं. ती सांगायची: इंग्रजांशी दुसरं युद्ध झालं, सगळे अमेरिकन एक झाले, नवे रस्ते, नवी बँक, जिकडेतिकडे झेंडे, सद्भावाचं युग म्हणतात त्याला. आणि चार-पाच वर्षांत मिसूरी नावाचं गुलाम ठेवणारं राज्य संघात यायचं झालं तशी सगळ्यांची तोंडं उत्तर-दक्षिण फिरली. मग तडजोड म्हणून नकाशावर एक आडवी रेघ मारली. पश्चिमेच्या मोकळ्या मुलखात रेघेच्या वर गुलाम ठेवायचे नाहीत, खाली ठेवले तर चालतील.

"रेघ कशानं मारली?" आप्पांनी विचारलं.

"अक्षांशावर, आजोबा. फुटपट्टीनंच म्हणा ना." एवढं मात्र ती मराठीत बोलली.

"आमची पण तशीच मारली," आप्पा म्हणाले, आणि ताटातली भाकरी सरळ मधोमध मोडली.

एकदा तिला पुस्तकात चूक सापडली. त्या काळचा एक दक्षिणी माणूस 'माझा देश' म्हणतो आणि बोलत असतो नुसत्या व्हर्जिनियाबद्दल. आप्पा हसले. चूक कसली आलीय त्यात, म्हणाले. कोकणातला माणूस घाट चढून वर आला की काय म्हणतो? देशावर आलो म्हणतो. भारतात तो आधीच असतो की. आपला देश म्हणजे घाटावरचा मुलूख, आणि आपला देश म्हणजे भारत. शब्द एकच, माणूस एकच, पोटात दोन्ही मावतात. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. गोष्ट अशी सांगितली की फार सोपी वाटते.

मे महिन्याच्या मध्यावर निपाणीहून माझ्या चुलतभावाचा, सुनीलचा, फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. निपाणीच्या माणसाला मोठं दुखणं झालं की कोल्हापूर, ही आमच्याकडची रीत. तिलाही अँब्युलन्सनं कोल्हापूरला हलवलं होतं. सुनीलची बायको तिच्याजवळ थांबली. नाक्यावरून पेशंटला सोडत होते, मागून येणाऱ्यांना नाही. कोल्हापूर महाराष्ट्रात.

आप्पांनी फोन ठेवला आणि थेट आपली बॅग काढली. विमान नाही म्हटलं तरी भरत बसले.

अडकलेल्या लोकांसाठी खास विमानं सुटणार होती आणि त्यासाठी ऑनलाइन नाव नोंदवायचं होतं. फॉर्म मीच भरला. नाव, वय, पासपोर्ट, कारण. आणि मग राज्य. खाली यादी उघडली. आप्पा मागे उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. माझ्या हातानं महाराष्ट्र निवडलं. लहानपणापासून मीही तेच लिहीत आले होते. शाळेच्या वहीवर, कॉलेजच्या अर्जावर, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, जिथं लिहून खपेल तिथं सगळीकडे. पासपोर्टवर कर्नाटक छापलंय हे मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी मला ते आठवलंही नाही. आपण किती शिकलेले, किती देश फिरलेले, सगळं झूट असतं हो. हात बापाचाच असतो.

पहिलं विमान बंगळूरला गेलं. ते गेल्यावर मला कळलं. डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहणारी धारवाडची एक मैत्रीण आहे, तिनं सहज सांगितलं, सासूबाई पोचल्या, हॉटेलात क्वारंटाइन आहेत. मी दूतावासाचा चौकशीचा नंबर फिरवत बसले. तासाभरानं एक थकलेला आवाज आला. म्हणाला, मॅडम, तुमच्या फॉर्मवर महाराष्ट्र आहे, पासपोर्टवर कर्नाटक आहे. ज्या राज्याचं विमान त्या राज्याचीच माणसं घेतोय, तिकडं क्वारंटाइन ज्यात्या राज्यानं आपलं आपलं करायचंय. मुंबईचं विमान कधी, ते त्याला माहीत नव्हतं. बंगळूरचं दुसरं दोन-तीन आठवड्यांत होईल. फॉर्म दुरुस्त करून ठेवा, म्हणाला.

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मुंबईचं सुटंल की. बघू."

मी चिडले. आई तिथं मरणाच्या दारात आणि हा माणूस बघू म्हणतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो प्रकार. तोंडावर तसं बोलले मी. वडिलांना असं बोलू नये, पण बोलले. ते खिडकीपाशी जाऊन बसले. संध्याकाळी शेखर दारातूनच, लांबून म्हणाला, "आप्पा, मी रोज बघतोय. लोकांकडे वेळ नसतो हो."

मुक्तानं मात्र पुस्तक आणून त्यांच्यापुढं उघडलं. ती तेव्हा साउथ कॅरोलायनापर्यंत आली होती. त्या राज्यानं ठरवलं, केंद्रानं लावलेला आयातीवरचा कर आम्हाला जाचतो, तेव्हा तो कायदा आमच्या हद्दीत रद्द. इथं 'तो बाबा' म्हणायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात. ती त्या राज्याच्या पुढाऱ्याला सबंध महिना युअर मॅनच म्हणत होती. आप्पांनी मान डोलावली. बरोबर आहे त्याचं, म्हणाले. न पटलेलं कबूल का म्हणून करायचं?

मग तिनं पान उलटलं. कराच्या भांडणाच्या पोटात काय होतं ते तिथं होतं: आज कर लावू दिला तर उद्या आमच्या गुलामांना हात घालतील, ही भीती. कापसाच्या मळ्यात विकत घेतलेली माणसं, नावानिशी, वयानिशी. आप्पांनी चष्मा काढून ते सगळं वाचलं. जवळचं ते चष्म्याशिवाय वाचतात. मग म्हणाले, "ते आणि आम्ही एक न्हवं. आम्ही कुणाला बांधून ठेवलं नव्हतं."

मुक्ता म्हणाली, "आय नो, आजोबा. बट इट्स ओन्ली अ बॉक्स. अँड आजी इज वेटिंग."

नुसता एक रकाना. आणि आजी वाट बघतेय. तेवढं एक वाक्य त्यांना लागलं असावं, कारण रात्री ते जेवले नाहीत. पण फॉर्म तसाच राहिला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. बाहेर लखलखीत ऊन. त्या वर्षीची लीव्हिंग सर्टच रद्द झाली होती, हवामान मात्र वेळेवर आलं होतं, आणि मला त्या उन्हाचा राग यायचा. साठ वर्षं ज्यासाठी घालवली ती गोष्ट एका रकान्यात सोडून द्यायची, हे किती कठीण आहे ते मला कळत होतं. कळूनही मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. राज्यं मोठी की माणूस, असले प्रश्न भाषणात ठीक असतात. आमच्या टेबलावर प्रश्न एवढाच होता की आई जिवंत असताना आप्पा पोचतात की नाही.

चौथ्या दिवशी कोल्हापूरहून सुनीलच्या बायकोनं व्हिडिओ लावला. आवाज खाली करून म्हणाली, "काकी बोलालीत. पण कानडीतनंच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मराठी येईल मागनं." आणि फोन आईच्या तोंडापुढं धरला. तोंड वाकडं झालेलं, केस कुणीतरी घट्ट बांधलेले. आई आप्पांकडे बघत राहिली. मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का. त्यांच्या लग्नाला छप्पन्न वर्षं झाली होती, आणि आप्पांना कानडीत तिनं विचारलेली ही पहिली गोष्ट.

मी आप्पांकडे बघत नव्हते, बघवत नव्हतं. पण ऐकलं. "आतु," आप्पा म्हणाले. झालं. कानडीत. आवाज अगदी रोजचा होता, जणू घरात रोज असंच बोलत आलेत. "निंदु?" तुझं?

फोन बंद झाल्यावर ते मला म्हणाले, "त्या फॉर्मात काय लिहायचं ते लिही. मला वाचून दाखवू नको." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी कर्नाटक निवडलं. स्वयंपाकघरात मुक्ता रडत होती.

सीट मिळायला पुढं दोन आठवडे गेले. डब्लिनला जायचा जवळचा रस्ता आमच्या इथून उत्तर आयर्लंडमधून जातो, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय तिकडून जाता येत नाही. तिथं फाटक नाही, शिपाई नाही, फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलावर येतात. फेब्रुवारीत आप्पांना समुद्र दाखवायला नेताना मी चुकून तिकडं शिरले होते, आणि पाट्यांवरचे आकडे लहान झालेले बघून मला घाम फुटला होता. आप्पा मात्र खूश झाले होते. सीमा असावी तर अशी, म्हणाले, कळतसुद्धा नाही. कागद ज्याचे नीट त्यालाच ती कळत नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.

म्हणून जाताना स्लायगोवरून लांबचा रस्ता धरला. तासभर जास्त. आप्पा घड्याळ बघत होते. वाटेत पोलिसानं अडवलं, कुठं निघालात विचारलं, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सेफ होम नाऊ." इथं निरोप देताना तसंच म्हणतात. आप्पांनी त्याला हात जोडले.

विमान, बंगळूर, हॉटेलात सात दिवस. तिथून फोनवर ते आईशी बोलायचे, आणि मला नंतर सांगायचे की आज चार शब्द बोलली, आज सहा. भाषेचं काही सांगायचे नाहीत. मग हातावर निळा शिक्का घेऊन निपाणीला घरी, आणखी सात दिवस बाहेर पडायचं नाही. आई तिथून चाळीस किलोमीटरवर. मध्ये हायवेवरचा नाका, अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. ज्या रेघेला त्यांनी जन्मभर रेघ म्हटलं नाही ती तिथं बॅरिकेड टाकून बसली होती. पलीकडे जायच्या पासासाठी सुनीलनं दोनदा अर्ज केला. पास आला नाही. पहिल्या विमानानं ते गेले असते, तर तोवर सगळे दिवस भरून कदाचित तिच्या उशाशी असते. असते की नसते, मला माहीत नाही. फॉर्म मी भरला होता, एवढं माहीत आहे.

निपाणीत पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आई गेली.

तिला गावी आणायचं ठरलं. कोल्हापूरची गाडी नाक्यापर्यंत येणार, आणि अलीकडून घरच्या माणसानं ओळख पटवून न्यायचं. सुनील म्हणाला, काका, तुम्ही थांबा, तुमच्या हातावर शिक्का आहे. आप्पांनी लांब बाह्यांचा सदरा घातला आणि गाडीत जाऊन बसले. इथं सकाळचे साडेदहा वाजले होते. मी स्वयंपाकघरात उभी होते, फोनवर सुनीलचा व्हिडिओ चालू होता, मुक्ता माझ्या पाठीला चिकटून. चित्र हलत होतं. पिंपं, दोऱ्या, पावसाळी आभाळ, आणि नाक्याच्या पलीकडे उभी असलेली पांढरी गाडी.

अलीकडच्या बाजूचा एक पोलीस पुढं आला. तरणा होता, मास्क हनुवटीवर. आप्पांच्या बाहीकडे त्यानं पाहिलं की नाही कोण जाणे. वही उघडून म्हणाला, "आजोबा, कुठलं तुम्ही?"

आप्पांनी टोपी काढली. मला वाटलं, आता घोटाळा होणार, आता हा माणूस सवयीनं बोलणार आणि आई तिकडेच राहणार. मी इथून ओरडणार होते. पण ते बोलले. सावकाश, शाळेत हजेरी द्यावी तसं.

"कर्नाटक," आप्पा म्हणाले. "मी कर्नाटकचा हाय. ती पण कर्नाटकचीच. तिला न्यायला आलोय."

पोलिसानं वहीतून मान वर केली.

"ते हाय की ओ आजोबा," तो म्हणाला. "हितं समदी कर्नाटकचीच. मी गाव इचारलं."